डेबिट कार्डावर परदेशात गाडी

प्रश्न : पोर्तुगालमध्ये गाडी भाड्याने घ्यायची आहे. क्रेडिट कार्ड नाही. डेबिट कार्ड चालेल का?

उत्तर : काही ठिकाणी चालते. ऑनलाइन भाडे भरले गेले म्हणजे काम झाले असे समजू नका; घोडे अडते ते काउंटरवर, अनामत रकमेपाशी. डेबिट कार्डावर या अनामत रकमेइतके खात्यातले खरेच पैसे अडकतात आणि गाडी परत केल्यावरही सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. त्यामुळे हॉटेल-जेवणाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. काही कंपन्या डेबिट कार्ड घेतात, पण त्यांचा महागडा पूर्ण विमा गळ्यात मारतात. बुकिंगआधी गाडी जिथून घेणार, कंपनीच्या त्या शाखेच्या अटी वाचाच. कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवा. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरून घेतलेले कार्ड) तर बहुधा नकारच मिळतो.