माद्रिदला येताय? इंग्रजीची नको, स्पॅनिशची काळजी करा

तुम्ही विचारलंय की मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे, मुलगा तीन वर्षांचा आहे, सप्टेंबरात माद्रिदला यायचंय. सरकारी द्विभाषिक शाळा मिळाली की भाषेचा प्रश्न मिटेल का, आणि तोवर घरीही इंग्रजी बोलायला लागावं का? व्हिसा आणि घरभाड्याची माहिती सगळीकडे मिळते, ती इथे देत नाही. मुलांच्या भाषेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न वाचून मला गप्प बसवत नाही.

शाळेपासून सुरुवात करू. माद्रिद प्रदेशाने २००४ साली २६ सरकारी प्राथमिक शाळांत हा द्विभाषिक कार्यक्रम सुरू केला. आठवड्याच्या तासांपैकी साधारण एक तृतीयांश इंग्रजीत होतात. विज्ञान, कला असे विषय इंग्रजीत. गणित आणि लेंगुआ, म्हणजे स्पॅनिश भाषा, हे दोन मात्र स्पॅनिशमध्येच. आता तुमची मुलगी विज्ञानाच्या तासाला पहिल्याच आठवड्यात हात वर करेल. बाई खूश, तुम्हीही निर्धास्त. आणि तिथेच घोटाळा होतो. इंग्रजीच्या आधारावर मूल वर्गात हुशार दिसतं, आणि लेंगुआत ते किती मागे आहे हे वर्ष सरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. रोजचं बोलणं एक-दोन वर्षांत जमतं. धडा वाचून उत्तर लिहिण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं संशोधन सांगतं. म्हणजे मैदानात फाडफाड स्पॅनिश बोलणारी मुलगी परीक्षेत अडली तर ती आळशी झाली असं समजू नका.

गणितात ती हमखास अडखळेल, आणि कारण गणित नसेल. वजाबाकी येते, पण ‘कुआंतोस केदान’ म्हणजे ‘किती उरले’ हे कळत नाही. निघण्याआधी एवढे शब्द पाठ करून घ्या: सुमार म्हणजे बेरीज करणे, रेस्तार म्हणजे वजा करणे, केदान उरतात, एन तोताल एकूण, कादा ऊनो प्रत्येकी, रेपार्तिर वाटणे, दोब्ले दुप्पट, मिताद निम्मा. भागाकाराची मांडणीही वेगळी. आपण भाजक डावीकडे लिहितो. इथे भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे चौकटीच्या कोपऱ्यात, भागाकार त्याच्या खाली, आणि मधली वजाबाकी तोंडी करून फक्त बाकी लिहायची. घरी आपल्या पद्धतीने शिकवलंत तर पोरीच्या वहीत दोन पद्धतींची खिचडी होते. त्यापेक्षा शाळेची पद्धत आधी तुम्ही शिका. दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं आणि १.००० म्हणजे एक हजार, हेही सांगून ठेवा.

वाचनात मात्र आपली मुलं पुढे असतात, देवनागरी येत असली तर. स्पॅनिश बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचतात. आ, ए, ई, ओ, ऊ हे पाचच स्वर, आणि त-द अगदी आपल्यासारखे दंत्य. इंग्रजीची सवय इथे उलट आड येते. स्पॅनिशमध्ये ज्या अक्षराचं नाव ‘ई’, त्याला इंग्रजीत ‘आय’ म्हणतात, आणि इंग्रजीतलं ‘ई’ इथे ‘ए’ होतं. मुलं स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगताना रडकुंडीला येतात ती यामुळे. आठवडाभर रोज दहा मिनिटं नाव, गाव, रस्ता स्पॅनिश अक्षरनावांनी म्हणून घ्या, सुटतं.

शाळेचं जेवण, कोमेदोर, नक्की घ्या, तुमच्यापैकी कुणी घरी असलं तरी. खरी स्पॅनिश तिथे आणि त्यानंतरच्या मैदानात येते. शाकाहारी असाल तर ते लेखी द्या आणि ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, एवढ्यावर थांबू नका. हॅम आणि टूना पुष्कळांच्या हिशोबात मांसात येतच नाहीत, आणि मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतो. हॅम नको, मासे नकोत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नको, असं एकेक नाव घालून लिहा.

कागदपत्रांतलं एकच सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. इथल्या फॉर्मवर नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव असे रकाने असतात. आपलं मधलं वडिलांचं नाव कारकून पहिल्या आडनावात टाकून मोकळा होतो, मग शाळेत मुलगी एका नावाची, दवाखान्याच्या कार्डावर दुसऱ्या. पासपोर्टवर आहे तसंच लिहा, दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा सोडा, आणि खिडकीवरून हलण्याआधी पोचपावती वाचा. जन्मदाखल्यावर आधी अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, मगच शपथबद्ध, म्हणजे सरकारमान्य अनुवादकाकडून, भाषांतर. उलट केलंत तर अपोस्टिलचं भाषांतर राहून जातं. प्राथमिक शाळेसाठी आधीच्या शिक्षणाला समकक्षता मिळवण्याची भानगड नाही, इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. दहावी झालेलं मूल बाचिलेरातोला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, आणणाऱ्यांना मात्र ती करावीच लागते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ज्याने मला खरं हलवलं. घरी इंग्रजी सुरू करू नका. आपलं रागावणं, समजावणं, चिडवणं मराठीतलं. तेच इंग्रजीत करायला गेलं की ऑफिसातल्या वाक्यांपुरतं उरतं, आणि मूलही तेवढंच बोलायला शिकतं. शाळेतून कुणी ‘घरी स्पॅनिश बोला’ म्हणेल, चांगल्या मनाने म्हणेल. नम्रपणे नाही म्हणा. असं ऐकून मराठी थांबवलेल्यांपैकी मी आहे, आणि गेलेली भाषा घरात परत आणणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

रोजचं काम सोपं आहे. एक वही करा, तीन रकान्यांची: इंग्रजी, स्पॅनिश, मराठी. विज्ञानाचा धडा इंग्रजीत झाला की संध्याकाळी मुलीने तो तुम्हाला मराठीत सांगायचा आणि शब्द लिहायचे: रूट, राईस, मूळ. स्टेम, तायो, खोड. लीफ, ओखा, पान. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण विज्ञान इंग्रजीत शिकल्यामुळे ‘राईस’ हा शब्द तिला शाळेतून मिळणारच नाही. दोघं भावंडं वर्ष-दीड वर्षात आपापसात स्पॅनिश बोलू लागतील, त्यावर भांडू नका. तुमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलली तर ‘मराठीत बोल’ असं दटावण्यापेक्षा तेच वाक्य मराठीत पुरं करून पुढचा प्रश्न विचारा.

एकटेपणा येईल, पहिल्या हिवाळ्यात जास्त. शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहत जा आणि मोडकंतोडकं बोला.

मुलाला सप्टेंबरच्या आधी डायपर सोडवा; तीन वर्षांच्या वर्गात ते गृहीत धरतात. पीस, आग्वा, मे दुएले, म्हणजे शू, पाणी, दुखतंय, एवढे तीन शब्द पक्के करून पाठवा. नंतर तो काही महिने वर्गात तोंडच उघडणार नाही कदाचित. बाईंना ‘बोलतो का’ असं विचारू नका. ‘कोट अडकव, रांगेत ये असं सांगितलेलं त्याला कळतं का’ असं विचारा. कळत असेल तर सगळं ठीक चाललंय.