ओंटारिओत मसाज थेरपीची प्रॅक्टिस कशी जमते

ताई, तुम्ही विचारलंय की मसाज थेरपीचं शिक्षण झालंय, कामाचा अनुभव आहे, पीआर (कॅनडात कायम राहण्याची परवानगी) आलाय, तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात उतरल्या उतरल्या स्वतःची जागा घेऊन इन्स्टावर जाहिरात केली तर क्लायंट मिळतील का. मी इथे हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. माझं स्पष्ट मत, जाहिरातीवर आत्ता एक डॉलरही घालू नका.

आधी नोंदणी. कॉलेज ऑफ मसाज थेरपिस्ट्स ऑफ ओंटारिओ, म्हणजे सीएमटीओकडे (ही शिकवणारी नाही, या व्यवसायावर नियंत्रण ठेवणारी संस्था आहे) रजिस्टर झाल्याशिवाय इथे स्वतःला मसाज थेरपिस्ट किंवा आरएमटी (रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट) म्हणवून घेता येत नाही, १९९१ च्या कायद्याने ते नाव राखीव आहे. धंद्याच्या दृष्टीनेही सगळं त्यावरच अडतं, कारण ओहिप, म्हणजे प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, मसाजचे पैसे देत नाही, पण नोकरदार लोकांना बरेचदा कंपनीचे हेल्थ बेनिफिट्स असतात आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेली पावती दिली की त्यातून पैसे परत मिळतात. फोनवर कित्येक जण दुखणं सांगायच्या आधी पावतीचंच विचारतात. बऱ्याच प्लॅनची वर्षाची मर्यादा डिसेंबरअखेर संपते, त्यामुळे डिसेंबरात उरलेले पैसे वापरायला गर्दी होते, तेव्हा सुट्टीवर जाऊ नका.

सुरुवात फिजिओ किंवा कायरोप्रॅक्टरच्या (हाताने मणका आणि सांध्यांवर उपचार करणारे) क्लिनिकमध्ये टक्केवारीवर करा. त्यांचे पेशंट आयतेच असतात, रिसेप्शन आणि डायरेक्ट बिलिंग (विमा कंपनीला थेट बिल पाठवणं) ते बघतात, तुम्ही फक्त संध्याकाळ आणि शनिवार द्यायची तयारी ठेवा कारण ऑफिसवाले तेव्हाच येतात. करार मात्र नीट वाचा, सोडून गेलात तर क्लायंटच्या फाइल्स कोणाकडे राहणार आणि जवळपास काम करायला बंदी आहे का ते सही करायच्या आधीच विचारा.

आता खरा मुद्दा. प्रॅक्टिस वाढते ती परत येणाऱ्या माणसांवर आणि ते ठरतं शेवटच्या पाच मिनिटांत. समजा खांदा धरलाय म्हणून कोणी आलं, तर सुरुवातीला हात कुठवर वर जातो ते बघून लिहून ठेवायचं, शेवटी पुन्हा तोच हात वर करायला लावायचा, फरक त्यांना स्वतःला कळू द्यायचा आणि मग साध्या शब्दांत सांगायचं की अजून इथे ताठरपणा आहे, हा एक स्ट्रेच घरी करा, दोन आठवड्यांनी बघू. तारीख तिथेच ठरवून टाका. नंतर फोन करतो म्हणणारे बहुतेक करत नाहीत. आणि पुढच्या वेळेची गरजच नसेल तर तसं सरळ सांगा, असे लोक घरच्यांना घेऊन येतात हो.

एखादा विषयही पकडा, गरोदर बायका, धावणारे, जबड्याचं दुखणं, जे तुम्हाला मनापासून आवडतं ते. मग क्लायंटची परवानगी घेऊन त्यांच्या डॉक्टरला अर्ध्या पानाचं पत्र पाठवा, काय आढळलं, काय केलं, किती फरक पडला. रेफरल अशाच पत्रांतून येतात, काउंटरवर कार्ड ठेवून नाही.

ऑनलाइन बुकिंग आणि गूगलवरचं प्रोफाइल मात्र हवंच, वेळा आणि पत्ता बरोबर टाका. पण क्लायंटचे अभिप्राय जाहिरातीत किंवा वेबसाइटवर वापरायला इथे मनाई आहे, आणि गूगलवर कोणी स्वतःहून रिव्ह्यू लिहिला तरी उत्तरात 'तुमची पाठ आता कशी आहे' असं चुकूनही लिहायचं नाही, ती त्या माणसाची खाजगी माहिती झाली. बरं करण्याची हमी तर कुठेच द्यायची नाही.

पैशाचं थोडक्यात, मसाजवर इथे १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) लागतो, सलग चार तिमाह्यांत कमाई ३०,००० डॉलरच्या वर गेली की नोंदणी करून तो क्लायंटकडून घ्यावा लागतो, दर ठरवताना हे धरा. दिवसाला किती क्लायंट घ्यायचे ते अंगठा आणि मनगट बघून ठरवा, डायरी भरायच्या नादात हात गेला तर सगळंच थांबेल.

तिथून निघायच्या आधी शिक्षणसंस्थेकडून मार्कशीट, विषयवार तास दाखवणारा अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिकलचे तास, सगळं सहीशिक्क्यासह घ्या. बाहेरच्या शिक्षणाचं मूल्यमापन होतं तेव्हा हे लागतं आणि इथे बसून मागवायला फार वेळ जातो. तुमचा कोर्स किती तासांचा होता ते कळवा, मग पुढचं बोलू.