वाचकांचे प्रश्न : चवथीची मैफल आणि घुमटाचा नाद

प्रश्न : चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत आमच्या देवळाच्या सभामंडपात आधी शास्त्रीय गायन आणि मग घुमट आरती असते, म्हणजे घुमट या कातडं मढवलेल्या मातीच्या वाद्याच्या साथीने आरती. गेल्या वर्षी तबला सारखा उतरत होता, घुमटं धप्प वाजली आणि माइक शिट्ट्या मारत होते. यंदा काय काळजी घ्यावी? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पहिल्या दोन तक्रारी पावसाच्या आहेत. दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि सूर उतरतो. म्हणून तबला गाडीतून काढून थेट बैठकीवर नेऊ नका. तासभर आधी मंडपात उघडा ठेवा, तिथल्या हवेला सरावला की मग लावा. गायकाची पट्टी (तो ज्या सुरात गातो तो सूर) आठवडाभर आधीच विचारून घ्या. पेटीच्या काळी एक पट्टीचा तबला ओढून पांढरी पाच या बऱ्याच वरच्या पट्टीपर्यंत चढत नाही, पुडी (तबल्यावरचं कातडं) फाटते. त्या पट्टीला लहान तोंडाचाच तबला हवा. सूर बराच उतरला असेल तर हातोडी गठ्ठ्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर), थोडकाच फरक असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर). बडा ख्याल (सुरुवातीची संथ लयीतली मोठी बंदिश) संपला की तबलजीला दोन मिनिटं द्या, आणि त्या दोन मिनिटांत निवेदकाने कृपया बोलू नये. तानपुरा कानावर पडला नाही तर तबला मिळवायचा कशाशी?

घुमट मातीचं, त्यामुळे ते जपून शेकावं लागतं. निखाऱ्यांपासून हातभर लांब, हळूहळू फिरवत शेका. घाई केली तर ओलं मडकं तडकतं, कातडं करपतं. बोटाने टिचकी मारून पाहा : ‘धप्’चा ‘टण्’ झाला की बस. गायन संपल्यावर वीस मिनिटांचं मध्यंतर ठेवा आणि तेव्हाच शेका. संध्याकाळी शेकलेलं घुमट रात्रीपर्यंत पुन्हा सैलावतं. गायन आधी हा तुमचा क्रम योग्य आहे. कासाळ्यांनी (मोठ्या झांजांनी) कान भरल्यावर तानपुऱ्याचे बारकावे ऐकू येत नाहीत.

शिट्टीचं कारण बहुधा स्पीकरची जागा. स्पीकर गायकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. मागे ठेवले की त्यांचाच आवाज माइकमध्ये शिरतो. गायकाचा माइक तोंडापासून चार-सहा बोटांवर हवा. सभामंडपाची फरशी आणि भिंती आवाज परतवतात, म्हणून खाली जाजम अंथरा आणि मशीनवरचा ‘इको’ पूर्ण बंद करा. त्याने ताना एकमेकींत मिसळतात, फार वाईट वाटतं ऐकताना. घुमटाला प्रत्येकी माइक नको. वादक अर्धवर्तुळात बसवून समोर दोन माइक पुरेत. घुमटाचा खर्ज मागच्या लहान तोंडातून येतो, डावा हात ते झाकतो-उघडतो. माइक फक्त कातड्याला चिकटवला तर तो खर्जच हरवतो. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळे मागे ठेवा, त्यांना माइक लागतच नाही.

प्रश्न : घरातल्या जुन्या घुमटाचं घोरपडीचं कातडं फाटलं आहे. तसंच मढवून मिळेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : नाही, आणि मागूही नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. शेळीचं कातडं लावा. 2019 साली घुमट गोव्याचं वारसा वाद्य ठरलं, तेही बकरीच्या कातड्याचं घुमट रूढ होत असतानाच. कातडं पातळ आणि सगळीकडे सारख्या जाडीचं निवडा. जाड कातडं मंद वाजतं. मढवण्याआधी रिकामं मडकं बोटाच्या पेराने ठोकून पाहा. आवाज फुटका आला तर कुठेतरी चीर आहे, त्यावर नवं कातडं वाया घालवू नका.