आजीच्या पेटीतली चिनी भांडी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझे फोटो मिळाले. निळी-पांढरी बशी, गुलाबी फुलांची झाकणाची बरणी आणि लोणच्याची तपकिरी बरणी. ही खरंच चीनची का, आणि किती जुनी, असं विचारलं आहेस. फोटोवरून मी निकाल देणार नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो.

आधी एक विनवणी: काहीही घासू नकोस. उमेदवारीच्या काळात मी एका घरची बशी कोमट पाण्यात भिजवून चोथ्याने घासली होती. काठावरचं सोनेरी काम झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या वर, कमी आचेवर चढवलेलं असतं. ते निम्मं माझ्या बोटांवर उतरून आलं. त्या घरच्या आजी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला आजही बोचतं.

लोणच्याच्या बरणीत फार वेळ घालवू नकोस. आपण चिनी माती म्हणतो म्हणून वस्तू चीनची होत नाही. अशा बरण्या आपल्याकडच्या कारखान्यांतही भरपूर बनल्या.

बशीवर पूल, पुलावर तीन माणसं आणि वर दोन पक्षी दिसताहेत. हे चित्र चिनी वाटतं, पण ते इंग्लंडमधल्या कारखानदारांनी १८व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलं. तिथे ते हाताने काढत नसत, कागदावरून छापून उठवत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि काठाची नक्षी बोटाने फिरत फिरत बघ. एखाद्या ठिकाणी सांधा दिसेल, वेल तुटून पुन्हा सुरू झालेली. कुंचल्याने काढलेल्या रेघेत असा सांधा नसतो, तिथे निळा रंग कुठे दाट, कुठे पातळ होतो.

आता झाकणाची बरणी. खरं काम इथे आहे. तू तळाच्या सहा अक्षरांचा फोटो पाठवून लिहिलंस, "खांग्शी बादशहाची आहे!" अक्षरं उजव्या ओळीपासून, वरून खाली वाचायची: थोर छिंग घराण्याच्या खांग्शीच्या काळात बनवलेली. खांग्शीचा काळ १६६२ ते १७२२. पण ही तळाच्या अक्षरांची मोहोर सगळ्यात शेवटी विचारात घे. १९व्या शतकाच्या अखेरीस चिनी कारागीर सर्रास खांग्शीचं नाव घालत. त्यात पूर्वजांच्या कामाचा मान होता आणि बाजारही होता. उलट खुद्द खांग्शीच्या काळात, १६७७ साली, जिंगदेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या गावच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला मनाई केली होती. त्यामुळे त्या काळच्या कितीतरी अस्सल भांड्यांखाली नुसती दोन निळी वर्तुळं असतात, आत काहीच नाही.

तुझ्या बरणीबाबत मला खटकतो तो तिचा गुलाबी रंग. हा रंग सोन्यापासून करतात, आणि चीनमध्ये तो १७२०च्या आसपास, म्हणजे खांग्शीच्या अगदी शेवटी आला. तुझ्या बरणीवर तर गुलाबी फुलांची दाटी आहे. रंग आणि मोहोर एकमेकांशी जुळत नाहीत. मला ती १९व्या शतकातली, कँटन या चिनी बंदरात रंगवून परदेशी धाडलेली वाटते. पण तेही बूड बघितल्यावरच बोलू.

बूड म्हणजे तळाची गोल कडा, जिथे झिलई नसते. मऊ कापडावर बरणी आडवी ठेव आणि तिरप्या उजेडात बघ. माती बारीक, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत हवी. झिलई संपते तिथे पुष्कळदा नारिंगी रेघ असते, भट्टीत उमटलेली. वर्षानुवर्षं ठेवल्या-उचलल्याचे ओरखडे वेडेवाकडे असतात, एकाच दिशेचे ओरखडे पॉलिशकागदाचे समज. या कडेच्या आत, खालच्या तळावर तीन-चार बारीक टोचे दिसले तर मला लगेच कळव, जपानमधल्या भांड्यांना भट्टीतल्या टेकूंचे असे व्रण राहतात. तळाशी इंग्रजीत 'चायना' असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ते नसलं म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही. शेवटी मडकं वाजवून घेतात तशी हलकी टिचकी मार. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

याहून मोठा पुरावा तुमच्या घरात आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा कँटनशी कापूस आणि अफूचा व्यवहार होता, गोव्यातल्या घरांत मकाव या चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्यामार्गे भांडी आली. तेव्हा आजीचे सासरे कुठे नोकरीला होते, हे विचार. काका, आत्या, मावशी यांना वेगवेगळं गाठ. एकत्र बसले की सगळ्यांची एकच गोष्ट होते. वाटणीपत्र, रुखवताची यादी, जुने फोटो काढ. १९२०च्या एखाद्या लग्नाच्या फोटोत मागच्या कपाटात ही बरणी दिसली, तर ती निदान तेवढी जुनी हे कोणी तज्ज्ञ नाकारू शकणार नाही.

घरी येऊन भाव सांगणाऱ्या त्या गृहस्थांना काही देऊ नकोस. जो किंमत ठरवतो त्यालाच विकायचं नाही. आणि अमेरिकेतल्या मावसभावाला बरणी सामानातून नेऊ देऊ नकोस. शंभर वर्षांवरच्या कलावस्तूला १९७२च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.

एखाद्या सुट्टीत मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी तिथे आहेत. काचेपाशी वाकून त्यांचा गुलाबी रंग बघ, मग घरी येऊन आपला बघ.

रविवारी बरणी घेऊन ये. झाकण वेगळं गुंडाळ, जुन्या सुती लुगड्यात, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. बस असेल तर मांडीवर धर.

तुझा,
काका