फोड एकाच प्रकारचे, मग बायोप्सी दोन कशाला? नुसतं रक्त तपासून भागत नाही का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळतं: गोव्यात डिचोलीला राहणारे वडील, वय 72, दोन महिने अंगभर खाज आणि पाण्याचे टणक फोड. नागीण समजून आधी पाल्याचा लेप झाला. आता त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीचे दोन तुकडे आणि रक्त मागितलंय. (नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि सहसा दोन-चार आठवड्यांत सुकते. दोन महिने दोन्ही बाजूंना येणारे फोड म्हणजे नागीण नव्हे.)

एका तुकड्यात भागत नाही, कारण दोन्ही तुकडे वेगळ्या जागचे असतात आणि वेगळ्या बाटलीत जातात.

पहिला ताज्या फोडाचा, शक्यतो एक-दोन दिवसांच्या आतला. लहान फोड अख्खा, नाहीतर कडेची थोडी कातडी धरून. तो फॉर्मेलिनमध्ये जातो. कातडी कुठल्या थरात सुटली ते त्यात दिसतं: वरच्या थराच्या आत सुटली तर पेम्फिगस, त्याखाली सुटली तर बहुधा पेम्फिगॉइड (दोन्हींत शरीराच्याच अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, स्वतःच्या कातडीवर उलटतात). पण खालून सुटणारे आजार तीन-चार आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांसारखेच दिसू शकतात.

म्हणून दुसरा तुकडा, डीआयएफसाठी, म्हणजे कातडीला चिकटलेल्या अँटीबॉडी चमकणाऱ्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा फोडावरचा नको, फोडापासून 1 सेंटीमीटरच्या आतल्या, न फुटलेल्या कातडीचा हवा. फोडाच्या जागी सूज आणि पेशींच्या माऱ्यात अँटीबॉडी नष्ट झालेल्या असतात, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. पायाच्या खालच्या भागावरही हा धोका जास्त, त्यामुळे पोट किंवा दंड बरा. 4 मिलिमीटरचा पंच, जागा बधिर करून, एखादा टाका. लेप लावलेली, खाजवून सोललेली जागा टाळायला सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा बाटलीचा होतो. सवयीने दोन्ही तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकले की दुसरा वाया गेला. त्यात प्रथिनं अशी जखडतात की चमकणारा रंग नीट धरत नाही. त्याला मिशेल मीडियम नावाचं द्रावण लागतं, त्यात तुकडा साध्या तापमानाला काही दिवस टिकतो. ते नसेल तर नॉर्मल सलाईन, पण मग 24 तासांत लॅब गाठायला हवी. नमुना गोव्याबाहेर जाणार असेल तर शनिवारी किंवा चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर सलाईनमध्ये काढूच नये. घरच्या फ्रीजरमध्ये तर अजिबात ठेवू नका, बर्फाचे कण पेशी फाडतात. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जा की खाजगीत, आधी एवढंच विचारा: मिशेल मीडियम आहे ना, आणि नमुना कधी निघणार?

लॅबमध्ये तुकडा गोठवून पातळ काप घेतात आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडी आणि सी3 हे प्रथिन यांच्यासाठी रंगवतात. पेम्फिगसमध्ये पेशींभोवती मासेमारीच्या जाळ्यासारखी हिरवी चमक दिसते, पेम्फिगॉइडमध्ये थराच्या तळाशी एक सलग रेघ.

रक्त 3 ते 5 मिलिलीटर, साध्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत). उपाशीपोटी जायची गरज नाही. एलायझा या रक्तचाचणीत पेम्फिगससाठी डेस्मोग्लीन 1 आणि 3, पेम्फिगॉइडसाठी बीपी180 आणि बीपी230 या कातडीतल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतात. नुसत्या रक्तावर मी निदान पक्कं म्हणणार नाही: डीआयएफ पॉझिटिव्ह असूनही काहींचं रक्त निगेटिव्ह येतं, आणि उतारवयात आजार नसतानाही आकडा किंचित वर दिसू शकतो. उपचार चालू झाल्यावर मात्र बीपी180चा आकडा उपयोगी. तो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत.

स्टिरॉइडची गोळी किंवा मलम चालू असेल तर नमुना काढण्याआधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

आणि त्यांना मधुमेह असेल तर गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या औषधांनी पेम्फिगॉइड उठू शकतो, आणि औषध सुरू करून कित्येक महिने झाल्यावर तो उठला की त्या गोळीवर कुणाचा संशयच जात नाही.