मुंगी खरंच मेली होती का? चिऊच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज सकाळी इथं डब्लिनमध्ये कामावर जाताना बसमध्ये ऐकला, संध्याकाळी घरी येऊन परत ऐकला. तिकडं वडगावात मनू अंगणातल्या पायरीवरनं पडला, आजी पळत आली आणि त्याला उचलायच्या आधीच म्हणाली, "काय झालं नाही, ऊठ ऊठ, मुंगी मेली बघ!" आणि नंतर तू आजोबांची बॅटरी घेऊन अख्खी पायरी शोधलीस, खरं एकसुद्धा मेलेली मुंगी सापडली नाही, जिवंत मात्र रांगेनं चालल्या होत्या. मग तुझा प्रश्न, आजी खोटं का बोलली आणि मोठ्या माणसांनी खोटं बोललेलं चालतं का. फोनवर दोन वाक्यांत सांगून झालं असतं, खरं बॅटरी घेऊन शोधलंस म्हटल्यावर उत्तरसुद्धा नीट द्यायला पाहिजे, म्हणून हे लिहून पाठवतेय. आजोबा वाचून दाखवतील, त्यांना सांग चष्मा लावा आणि सावकाश वाचा.

पहिलं उत्तर, मुंगी मेली नव्हती, तुझा शोध बरोबर आहे. मुंगी एवढी हलकी असते की झाडावरनं खाली पडली तरी उठून चालायला लागते, तिला लागतच नाही, हवाच तिला सावकाश खाली आणते. आणि मनू बसला तो शहाबादी फरशीवर, तिथं फटी किती आहेत तू बघितल्यासच, त्यात सगळ्या पसार. शिवाय आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की कट्ट्यावर चिमूटभर साखर टाकते बघ, ती कुणासाठी असं तुला वाटतं? उद्या लवकर ऊठ आणि बघ. मुंग्यांना साखर घालणारी बाई मुंगी मेली म्हणून ओरडते म्हणजे तिच्या मनात काहीतरी वेगळं आहे, होय की नाही?

आता मनू पडला तो क्षण तू सांगितलास तसाच डोळ्यापुढं आण. धप्पकन बसला. तूच म्हणालीस की तो लगेच रडला नाही, तोंड उघडं ठेवून आजीकडं बघत बसला. लहान पोरं पडली की असंच करतात, आधी बघतात घरातल्यांचा चेहरा काय म्हणतोय, रडायचं का नाही ते त्यावरनं ठरवतात. हे मी मनचं सांगत नाहीये. 1985 साली अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी एक वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग छापला होता. एक टेबल, त्याच्या अर्ध्या भागावर नुसती काच, काचेखाली थोडा खड्डा आहे असं दिसायचं, आणि पलीकडं आई आणि एक खेळणं. बाळ रांगत काचेपर्यंत यायचं आणि थांबून आईच्या तोंडाकडं बघायचं. ज्यांच्या आया हसत होत्या त्या 19 बाळांतली 14 काचेवरनं सरळ पलीकडं गेली आणि ज्यांच्या आयांनी घाबरलेलं तोंड केलं त्या 17 मधलं एकसुद्धा गेलं नाही. आपल्या आजीनं हा प्रयोग वाचलेला नाही, तिच्या आजीनं तर नाहीच नाही, खरं वडगावातल्या सगळ्या आज्यांना हे माहीत आहे की पोर पडल्यावर आपण "अगो बाई!" म्हणून छातीवर हात मारला तर पोर तासभर गप्प बसत नाही.

म्हणून मुंगी. मनू रडायच्या तयारीत होता, ओठ खाली आला होता (तू सांगितलंस ते मी परत परत ऐकलं), आणि तेवढ्यात त्याला एक काम मिळालं, मुंगी शोधायचं. रडायचं का शोधायचं? दोन्ही एकदम जमत नाही. तो आपल्याच बुडाखाली वाकून बघायला लागला आणि रडणं तिथंच राहिलं. मग शेजारच्या अव्वा कंपाउंडवरनं डोकावल्या, "अळब्याड, अळब्याड" (रडू नकोस, रडू नकोस) म्हणत दार उघडून आत आल्या आणि त्या पायरीलाच दोन चापट्या देऊन कानडीतनं झाडलं, आमच्या पोराला पाडतेस काय म्हणून. तू म्हणालीस की मग मनूनंपण पायरीला मारलं आणि हसला. बघ, दोन मिनिटांपूर्वी पडलेला पोरगा, आता पायरीला रागवायला लागलाय, दोन आज्या त्याच्या बाजूनं उभ्या, एक मराठी एक कानडी, आणि त्याला कुठं लागलं होतं हे तो स्वतःच विसरला. याला मी खोटं म्हणणार नाही चिऊ. हा खेळ आहे आणि यात फसत कुणी नाही, आजीला माहीत असतं, अव्वांना माहीत असतं, आणि थोडा मोठा झाला की मनूलापण कळेल, तरी तो कुणी बारकं पोर पडलं की हेच म्हणेल. मीपण लहानपणी त्याच पायरीवरनं पडलेय आणि माझ्याखालीपण मुंग्याच मेल्यात.

आणि तू दाताचं विसरलीस काय? डब्लिनमध्ये तुझा दात पडला की उशीखाली ठेवतेस आणि रात्री टूथ फेअरी येऊन नाणं ठेवून जाते. तेव्हा तू बॅटरी घेऊन तिचे पंख शोधत नाहीस! मागच्या आठवड्यात तिकडं दात पडला तर आजीनं तो कौलावर फेकला म्हणून तू फुगून बसलीस, पैसे कोण देणार आता, पाऊस पडतोय, फेअरी कौलावर कशी चढणार, असं सगळं आजोबांनी मला हसत हसत सांगितलं. तर ऐक, कौलावर फेकायचा तो उंदरासाठी. जुना दात तू घे आणि तुझ्यासारखा घट्ट नवा दात आमच्या पोरीला दे, असं आज्या उंदराला सांगतात. आणि यात एक गोष्ट अगदी खरी आहे, उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात, कुरतडून कुरतडून तो ते झिजवत बसतो म्हणून तर त्याला काही ना काही चावायला लागतं. दात मागायचेच तर ज्याच्याकडं ते कायम वाढतात त्याच्याकडं मागावेत, हे ज्या कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्या बाईला मी मानते. तुझे दुधाचे दात एकूण 20, त्यामुळं फेअरी आणि उंदीर दोघांनाही भरपूर काम आहे, भांडण करू नका.

जेवताना चालतं तेपण त्यातलंच आहे. आजी मनूला दुधात कुस्करलेली जोंधळ्याची भाकरी भरवताना हा काऊचा घास, हा चिऊचा घास म्हणते, आणि तू मध्ये जाऊन म्हणालीस की चिऊ मी आहे, माझा घास हा का खायलाय! आजी दोन दिवस गल्लीत सगळ्यांना हेच सांगत फिरत होती. खरं सांगू, तू दोन वर्षांची असताना इथल्या पाळणाघरातल्या बाई म्हणायच्या की ही घरी कशी जेवते, इथं तर तोंडच उघडत नाही. घरी काऊ होता, चांदोबा होता, मामा होता, आजोबा होते, एवढ्या सगळ्यांचे घास खाता खाता वाटी कधी संपली ते तुलाच कळायचं नाही. आणि ठसका लागला की आजी म्हणते वर बघ, चिमणी बघ. चिमणी नसतेच. मान वर होते आणि पोर ठसक्याकडनं चिमणीकडं जातं, झालं.

संध्याकाळी आजीनं मनूची दृष्ट काढली तेव्हा तुला खोकला आला, तो येणारच, ती संकेश्वरी मिरची आहे बाई, ब्याडगी नव्हे. ब्याडगी नुसती लालभडक, रंगाला चांगली, संकेश्वरी विस्तवात पडली की गल्लीच्या टोकापर्यंत माणसं शिंकतात. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही, आजीचा आहे, आणि आमच्या दोघींचं त्यावरनं कधी भांडण होत नाही. तुला काय वाटतं ते तू मोठी झालीस की ठरव, घाई नाही. तोवर मीठ-मोहरी-मिरची ओवाळताना जवळ बस, मिरची विस्तवात टाकताना मात्र लांब हो.

आता तुझा दुसरा प्रश्न, मोठ्यांनी खोटं बोललेलं चालतं का. सगळं चालत नाही. जेव नाहीतर पोलीस धरून नेईल, झोप नाहीतर बुवा येईल, असं कुणी मनूला म्हणालं तर ते मला अजिबात आवडत नाही, कारण त्यात पोर घाबरतं, रात्री उठून रडतं, आणि उद्या खरंच हरवलं तर पोलिसाकडं जायलापण भिईल. तसंच इंजेक्शन दुखणार नाही म्हणायचं आणि टोचायचं. आजीनं मला असं कधी फसवलं नाही, ती म्हणायची, "मुंगी चावल्यागत हुतंय, लगेच जातंय." बघ, परत मुंगी! खरं त्यात दुखणार आहे हे तिनं आधीच सांगून टाकलेलं असायचं.

आणि एक महत्त्वाचं, तू ताई आहेस म्हणून सांगते. आजीनं मुंगी मेली म्हणायच्या आधी काय केलं ते तू बघितलं नसशील, मी तिला फोनवर मुद्दाम विचारलं. ती पळत येतानाच बघत होती की डोकं आपटलं का, रक्त आलं का, हातपाय नीट हलतात का. तो बुडावर बसलाय हे बघूनच तिनं मुंगी काढली. त्यामुळं कुणी डोक्यावर पडलं, टेंगूळ मोठं आलं, उलटी झाली, पडल्यावर गप्प गप्प झालं किंवा सारखी झोपच यायला लागली तर मुंगीबिंगी काही म्हणायचं नाही, पळत जाऊन मोठ्यांना बोलवायचं आणि डॉक्टरकडंच न्यायचं. गप्प राहिलेलं पोर रडणाऱ्यापेक्षा काळजीचं, हे आजीचं वाक्य आहे, लक्षात ठेव.

आता पंचमी येईल, तुमच्या सुट्टीतच आहे. झाडाला झोके बांधतील, लाह्या आणि लाडू मिळतील, तुझ्याएवढ्या पोरी उभ्यानं झोका चढवतील आणि मनूलापण बसायचं असेल. त्याला मांडीवर घेऊन मोठ्या कुणीतरी बसायचं, तू एकटीनं घेऊ नकोस. झोक्याखाली चिखल असतो तेव्हा पडापडी होणार, कपडे लाल मातीत लडबडणार, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, आजी म्हणेल. पडलाच तर मी सांगितलं तसं आधी बघ, आणि सगळं ठीक असेल तर तूच म्हण त्याला. मोठ्यानं म्हणायचं बरं का, आजीसारखं, हळू आवाजात म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत.

दाताचे पैसे आजीकडं मागू नकोस, उंदीर पैसे देत नाही, तो दातच देतो. पुढचा दात इथं परत आल्यावर पडला तर उशीखाली ठेवू. आणि तिकडंच पडला तर कौलावर आजोबांना फेकायला सांग, तुझा मागचा पन्हाळीत पडला म्हणे.

मनूला पापा, अव्वांना नमस्कार सांग.

तुझी,
आई