फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या राहणाऱ्या मांजरीला गुंतवून कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाची मांजर पुण्याजवळच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी असते, खेळण्यांच्या ढिगाकडे ढुंकून बघत नाही, रात्री तीनला घरभर उधळते आणि सोफा ओरबाडते. दुसरी मांजर आणावी का, असंही विचारलंय.

आधी नवी खेळणी आणणं थांबवा. आहेत त्यातली बरीचशी कपाटात टाका आणि आठ-दहा दिवसांनी अदलाबदल करा. फरशीवर निपचित पडलेला प्लॅस्टिकचा उंदीर तिच्या लेखी मेलेलाच असतो, त्याची शिकार ती कशाला करेल? त्याला जिवंत तुम्हीच करायचंय.

कोथरूडला आमच्या दोन मांजरी कायम घरातच असतात. त्यांचं सगळ्यात लाडकं खेळणं म्हणजे खराट्याचा लांब हीर आणि टोकाला घट्ट बांधलेली चिंधी. ती तोंडापुढे नाचवू नका. कुठला उंदीर आपणहून मांजरीच्या तोंडाशी जातो? चिंधी तिच्यापासून लांब पळवा, सोफ्याच्या कोपऱ्याआड न्या, थांबवा, थोडी खुडबुड करा. मांजर दबा धरून नुसती बघत बसली की माणसांना वाटतं तिला खेळायचंच नाही, आणि ते कंटाळून उठतात. खरं तर तो तिच्या खेळातला मुख्य भाग असतो. बूड हलायला लागलं की झडप येतेच. अधूनमधून चिंधी हाती लागू द्या, नाहीतर ती नाद सोडते. दहा-पंधरा मिनिटं पुरे. शेवटी चिंधीची धाव मंदावत न्या, पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, खाणं, अंग चाटणं आणि झोप हा तिचा ठरलेला क्रम आहे. लेझरच्या ठिपक्यात हाती काहीच लागत नाही, म्हणून तो वापरलाच तर शेवटी ठिपका खाऊवर नेऊन थांबवा.

हाच खेळ तुम्ही झोपायच्या जरा आधी खेळलात तर रात्रीची धावपळ बरीच कमी होईल. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हालचाल करणारा प्राणी, त्यामुळे ती पूर्ण थांबेल अशी आशा नको. मात्र तीन वाजता उठून वाटी भरू नका. एकदा भरलीत की रोज उठवेल.

ऑफिसला जाताना कोरडं खाणं वाटीत ओतण्याऐवजी लपवून जा: अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत, कुरिअरच्या खोक्यात चुरगाळलेल्या कागदांखाली, भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटलीत. सुरुवातीला सोपं ठेवा, आणि हे रोजच्या मापातूनच काढा. रिकामं खोकं मात्र टाकू नका. लपायला जागा असली की मांजरी निवांत होतात. नेदरलँड्समध्ये २०१४ साली निवाऱ्यातल्या मांजरींवर झालेल्या अभ्यासात खोकी मिळालेल्या मांजरी नव्या जागेत लवकर रुळल्या होत्या.

खिडकीशी उंच बैठक करून द्या. पारवे, बुलबुल, खारी बघण्यात तिची दुपार जाते. पण गॅलरीला पारव्यांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका, मांजर ती कुरतडू शकते. पक्की लोखंडी जाळी हवी.

सोफ्यासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून काथ्याचा दोर आणा आणि जाड लाकडी खांबाला घट्ट गुंडाळा. खांब तिला पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच हवा आणि डुगडुगता कामा नये. तो सोफ्याला चिकटूनच ठेवा. ओरबाडताना नखांची जुनी टरफलं निघतात आणि पंज्यांचा वास मागे राहतो. तो वास तिला घरातल्या वावराच्या जागेवरच सोडायचा असतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या खांबाला ती विचारणार नाही.

कॅटनिप (मांजरींना वासाने धुंद करणारी पुदिन्याच्या कुळातली वनस्पती) महिन्यातून दोन-चारदा द्यायला हरकत नाही. सगळ्याच मांजरींवर त्याचा असर होत नाही, ते जन्मजात असतं.

खेळ झाला की दोरा-चिंधी उचलून कपाटात. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आत जातो आणि आतडं चुणतं. गणपतीच्या आराशीतली झिरमिळी आणि संक्रांतीचा मांजा तर फारच वाईट. लिलीची फुलं घरात आणूच नका. नुसते परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुसरी मांजर तुम्हाला स्वतःला हवी असेल तरच आणा. पहिलीची करमणूक म्हणून नको, दोघींचं जमेलच असं नाही. आणलीत तर आधी वेगळ्या खोलीत ठेवा, एकीच्या अंथरुणावरचं फडकं दुसरीला हुंगायला द्या, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आणि भेट त्यानंतर. दोघींना मिळून शी-शूसाठी मातीचे ट्रे तीन लागतील, जागेचा विचार आधीच करा.